उंबरठ्यावर सोडायचा हात

पापाची कबुली देणे माणसाला कठीण जाते, असे आपण समजतो. परंतु ज्यांनी दीर्घ आयुष्य माणसांत घालवले आहे त्यांना ठाऊक असते की मूर्खपणाची कबुली त्याहून जड. पापी म्हणवून घेण्यात एक प्रकारची प्रतिष्ठा शिल्लक राहते. लोक दगड मारतात, पण दगड मारण्याइतके मोठे तरी मानतात. ज्याचे हसे झाले त्याला तेवढाही आधार उरत नाही. त्या जुलै महिन्यात अँब्रोज रेस्ट्रिकपुढे उभा असलेला प्रश्न असा होता: खोऱ्याचा द्रोही म्हणून ताठ मानेने जगावे, की खोऱ्याचा विदूषक होऊन खरे बोलावे? उत्तर त्याने एकट्याने द्यायचे होते. परंतु त्यावर बापाचे थडगे, भावाची कुरणे आणि बहिणीचा शब्द अशी तिन्ही टांगलेली होती.

स्केलबेकच्या खोऱ्यात लोकर कातरण्याच्या कामाला कोणी कोणाला बोलावीत नाही. ज्याचा दिवस असेल त्याच्या अंगणात उजाडता उजाडता शेजारी आपापली कातर घेऊन हजर होतात. बोलावणे धाडणे म्हणजे त्यांच्या येण्याविषयी शंका घेणे, आणि तशी शंका आमच्याकडे शिवीसमान मानली जाते. जुलैचा पहिला शनिवार हा रेस्ट्रिकांचा दिवस. अँब्रोजचे वडील कै. जोसाया रेस्ट्रिक संसदेत होते तेव्हाही या दिवशी ते लंडनहून येऊन बाह्या सरसावीत. यंदाही कोठारात लांब मेज मांडले होते. मांस भरलेल्या कणकेच्या पोळ्या, थंड हॅम, आंबटचुका घातलेल्या गोड वड्या, आल्याच्या सरबताचे माठ, सारे नेहमीप्रमाणे वीस माणसांच्या अंदाजाने. बाकांवर मात्र कोणीही नव्हते.

अंगणात थोरला भाऊ सेथ मेंढीला गुडघ्यात धरून कातरीत होता. धाकटा अँब्रोज, त्या भागाचा खासदार, आदल्या संध्याकाळच्या गाडीने आला होता आणि लंडनी बुटांनी शेण तुडवीत लोकर गुंडाळायला उभा होता.

“वाटेकडे बघू नकोस,” सेथ मान वर न करता म्हणाला. “कोणी येणार नाही.”

“दव सुकायची वाट बघत असतील.”

“दव? अरे, ऊन दगडी गडग्याच्या अलीकडे आलं. टोबायस अल्डर्सन दव सुकायच्या आधी येतो आणि ते सुकेपर्यंत आईच्या हातचा चहा ढोसतो. मी चड्डीत होतो तेव्हापासून बघतोय. आज त्याचं धुराडं बघ. घरी बसलाय तो. तुझ्या मतानं बसवलाय त्याला.”

अँब्रोजने लोकरीची घडी घातली, ती सुटली. त्याने पुन्हा घातली.

ते मत सर्वांना पाठ झाले होते. दूरच्या मोठ्या शहराला पाणी हवे होते, आणि त्यासाठी स्केलबेकवर धरण बांधण्याचे विधेयक संसदेत आले होते. धरण झाले तर प्रार्थनाघर बुडणार, त्याच्या आवारातील जोसायांचे थडगे बुडणार, सेथचे घर आणि खालची सगळी कुरणे बुडणार. पक्षाने कोणावर बंधन घातले नव्हते. ज्याने त्याने आपल्या बुद्धीने मत द्यावे असे ठरले होते. तिथे मत देतात ते होकाराच्या किंवा नकाराच्या दालनातून चालत जाऊन. आणि स्केलबेकचा खासदार, जोसायांचा मुलगा, होकाराच्या दालनातून चालत गेला होता. विधेयक मोठ्या फरकाने संमत झाले. अँब्रोजने वर्तमानपत्रांना एवढेच सांगितले की आपण सदसद्विवेकाला स्मरून मत दिले. आता विधेयक वरिष्ठ सभागृहाच्या समितीपुढे होते, आणि शहराचा वकील तिथे रोज उठून सांगत होता की खुद्द त्या खोऱ्याच्या प्रतिनिधीलाही हे धरण न्याय्य वाटते.

“आज संध्याकाळी शाळेच्या खोलीत सभा आहे,” सेथ म्हणाला. “तुला उमेदवार ठेवायचं की काढायचं. मी बोलणार आहे. तुझ्याविरुद्ध. पाठीमागून केलं असं नको व्हायला, म्हणून तोंडावर सांगतो.”

“बोल. तुझा हक्क आहे.”

सेथने कातर खाली ठेवली. अर्धी कातरलेली मेंढी तशीच उठून, लोकरीचा झगा ओढीत पळाली. त्याने तिच्याकडे पाहिलेही नाही.

“हेच! हेच मला सोसवत नाही. हक्क आहे म्हणे! भांड की माझ्याशी! थोबाडीत मार! आपल्या बापाला चाळीस हात पाण्याखाली घातलंस तू, आणि बोलतोस कसा, तर पोस्टात तिकीट मागितल्यासारखा. सांग ना मला, काय न्याय्य वाटलं तुला? त्यांच्या न्हाणीघरात पाणी कमी पडतं म्हणून माझ्या पोरांनी कुठे जायचं?”

“मी त्यावर बोलणार नाही, सेथ.”

“नाहीच बोलणार. तिथे बोलायचा पगार मिळतो ना.”

हे शेवटचे वाक्य कोठाराच्या दारात उभ्या असलेल्या डॉर्कसने ऐकले. तिच्या हातात चहाची किटली होती.

*

डॉर्कस ही दोघा भावांची मधली बहीण. गावच्या शाळेत ती शिकवीत असे, आणि तिने कधी खोटे सांगितल्याचे तिच्या वैऱ्यांनाही आठवत नसे. धरण तिलाही नको होते. वडिलांच्या थडग्यावर दर शनिवारी फुले ठेवणारी तीच. तरीही बातमी आली त्या रविवारी प्रार्थनाघरात उभे राहून, सर्वांसमक्ष, ती म्हणाली होती की माझा भाऊ चुकला असेल, पण त्याने देवासमोर विचार करून मत दिले आहे आणि मनाला स्मरून वागणाऱ्याला आपण दगड मारीत नसतो. आपल्या पंथाचे पूर्वज याच कारणासाठी तुरुंगात गेले, हेही तिने ऐकवले होते.

त्याच सायंकाळी टोबायस अल्डर्सन तिच्या दारी आला. तो विधुर होता. गेली दोन वर्षे तो रविवारी तिच्याकडे चहाला येत असे, आणि येत्या शरद ऋतूत ते दोघे लग्न करणार हे साऱ्या खोऱ्याला, न सांगता, ठाऊक होते. दारातच तो म्हणाला, “डॉर्कस, तुझा भाऊ विकला गेलाय. तू त्याच्यासाठी तोंड काळं करून घेऊ नकोस.” तिने त्याला आत घेतले नाही. त्यानंतर तो आला नव्हता; आणि तिनेही बोलावले नव्हते.

“सेथ,” ती आता म्हणाली, “पगाराचं बोललास ते परत घे.”

“घेत नाही.”

“मग चहा मिळणार नाही.”

“नको तुझा चहा! तू त्याच्या बाजूनं उभी राहतेस म्हणून त्याचं फावतं. तू नसतीस तर त्याला गावात पाऊल टाकायची हिंमत झाली नसती.”

“मी त्याच्या बाजूनं नाही. त्याच्या मनाच्या बाजूनं आहे. मतं चुकतात रे, मन विकत मिळत नाही.” ती अँब्रोजकडे वळली. “पी तू. आणि बूट बदल ते. दया येते त्यांची.”

अँब्रोजने चहा घेतला, पण तिच्या डोळ्यांकडे पाहिले नाही. सेथच्या शिव्यांनी त्याला जे झाले नव्हते ते त्या कपाने झाले. कित्येक आठवडे तो तिच्या विश्वासावर उभा होता. आणि जमीन पायाखाली किती पातळ आहे हे त्याच्याखेरीज एकाच माणसाला ठाऊक होते.

*

दुपारी वीस जणांच्या मेजावर पाच जण बसले; सेथची पोरे घरात आधीच जेवली होती. टोकाला आई, केझाया रेस्ट्रिक, वयाची ऐंशी वर्षे उलटलेल्या, काठी खुर्चीला टेकवून. त्यांच्या उजव्या हाताला सेथ, डाव्या हाताला डॉर्कस; पलीकडे अँब्रोज आणि त्याची पत्नी लिलियन. लिलियन लंडनच्या न्यायाधीशाची मुलगी. या घरात येऊन तिला वीस वर्षे झाली होती, तरी अजून पाहुण्यांची बशी तिच्याच पुढे येई.

“एवढं सगळं कोण खाणार?” लिलियन म्हणाली.

“डुकरं,” सेथ म्हणाला. “त्यांना मताधिकार नाही, म्हणून ती येतील.”

“सेथ, मेजावर नको,” आई म्हणाल्या.

“मेज कुठंय, आई? हे तर प्रेताच्या जेवणासारखं दिसतंय. आणि प्रेत जेवतंय बघ समोर.”

अँब्रोजने काटा ठेवला. डॉर्कसने मात्र पोळी कापून त्याच्या ताटात वाढली आणि शांत आवाजात म्हणाली, “अँब्रोज, मला एक गोष्ट लागेल. संध्याकाळी मी उभी राहणार. त्या रविवारी बोलले ते पुन्हा बोलणार, आणि या वेळी शपथेवर बोलणार, कारण साध्या शब्दानं भागलं नाही. पण टोबायस सभेचा अध्यक्ष आहे. तो विचारणार: ‘तुझ्या भावानं नेमका काय विचार केला?’ तेव्हा मला सांगता आलं पाहिजे. त्या दारातून आत जाताना तुझ्या मनात काय होतं? तेवढं एकच वाक्य दे. मी ते जसंच्या तसं सांगीन.”

“डॉर्कस, तू बोलू नकोस,” अँब्रोज म्हणाला.

“का?”

“नको. शपथ घेऊ नकोस.”

“अरे, मी घेणारच! आजवर निभावलं ते शेवटी सोडून देऊ? तुला वाटत असेल माझी नोकरी जाईल, तर जाऊ दे. मी—”

“माझ्या मनात काही नव्हतं.”

“अँब्रोज, नको!” लिलियन म्हणाली, आणि तिचा हात त्याच्या मनगटावर पडला.

डॉर्कसने तो हात पाहिला. सुरी तिच्या मुठीत तशीच राहिली. “काय नको? लिलियन, तुला काय ठाऊक आहे?”

बाहेर अर्धी कातरलेली मेंढी ओरडत होती.

“सर एव्हरार्ड ट्विस,” अँब्रोजने सुरुवात केली, आणि आईकडे पाहिले. “आई, तुला ते आठवतात.”

“एव्हरार्ड? अजून आहे तो?”

“आहेत. दिसत जवळजवळ नाही. बाबांनी मला सांगितलं होतं, विरोधी बाकांवरचा असला तरी माझा मित्र आहे, मतदानाची घंटा झाली की त्याला त्याच्या दालनाच्या दारापर्यंत सोडत जा. मी सोडतो. निवडून आल्यापासून सोडतो. त्या दिवशीही सोडत होतो. ते होकाराच्या बाजूचे, त्या शहराचेच. मला नकाराच्या दालनात जायचं होतं. नकार. मी भाषणसुद्धा तयार केलं होतं, बोलायला वेळ मिळाला नाही एवढंच.” तो थांबला. “चालता चालता ते सांगायला लागले. क्लबात आमच्या पक्षाचे वरिष्ठ जेवत होते म्हणे. माझं नाव निघालं. पुढच्या फेरबदलात मला मंत्री... उपमंत्री करायचं चाललंय. त्यांनी कोण काय म्हणालं ते एकेकाचं सांगितलं. मी ऐकत राहिलो. आणि मागं दाराचा आवाज झाला. तेव्हा मला कळलं मी कुठं उभा आहे.”

“म्हणजे?” सेथ म्हणाला.

“म्हणजे मी चुकीच्या दालनात होतो. आत. आणि दार बंद झालं होतं.”

“मग ठोकायचं होतंस दार!” डॉर्कस म्हणाली.

“एकदा कुलूप लागलं की उघडत नाही. कोणासाठी नाही.”

“मग तिथंच बसून राहायचं. मत दिलंच पाहिजे असं कुठं आहे? कोपऱ्यात बसायचं, संडासात लपायचं!”

“लपता आलं असतं. लपतात लोक.”

“मग?”

अँब्रोजने ताट दूर सारले. “त्यांच्यातला एक जण समोरून आला. त्यानं माझा हात हातात घेतला. म्हणाला, ‘रेस्ट्रिक, याला म्हणतात धैर्य.’ मग आणखी एक आला. मग सगळेच बाजूला झाले आणि मला वाट दिली. मी चुकून आलोय, असं त्या क्षणी सांगायचं... सगळे हसले असते, डॉर्कस. वर्षानुवर्षं हसले असते. मी चालत गेलो. कारकुनानं नावावर खूण केली. बाहेर आलो.”

“मान खाली घालून?”

“नाही. मान वर होती.”

प्रथम जो आवाज आला तो सेथचा होता. मेंढीला खोकला यावा तसा. मग त्याने मेजावर हात आपटला, आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत तो हसू लागला.

“आंधळ्याला सोडायला गेला... आणि त्याच्याबरोबर आत!... अगं आई गं!... आम्ही इथं म्हणतोय, शहरानं किती दिले असतील, कोणी फोडला असेल! टोबायसनं तर आकडासुद्धा ठरवला होता!” त्याने बाहीने डोळे पुसले. “जाऊ दे. द्रोही भाऊ घेऊन जगणं मला जड झालं होतं. गाढव भाऊ तर जन्मापासून सांभाळतोय.”

“हसू नकोस!”

डॉर्कस उभी राहिली होती. तिचा आवाज एवढा मोठा कोणी ऐकला नव्हता. शाळेतल्या पोरांनीही नाही.

“तुझं काय गेलं म्हणून हसतोस? तू त्याला शिव्या दिल्यास, त्या लागू पडल्या नाहीत, झालं! मी देवाच्या घरात उभी राहिले. मी पूर्वजांची नावं घेतली, तुरुंगात सडलेल्यांची, याच्यासाठी! टोबायसला दारातून परत पाठवला मी. सांगितलं त्याला, माझ्या भावाच्या अंतःकरणाचा अपमान करणारा माझ्या उंबऱ्याच्या आत येणार नाही. अंतःकरण!” ती अँब्रोजकडे वाकली. “तिथं अंतःकरण नव्हतंच रे. तिथं नुसतं एक दार होतं. आणि तू मला बोलू दिलंस. रविवारमागून रविवार. माझा चहा प्यायलास.”

“मला वाटलं, तू तरी...”

“मी तरी काय? मी तरी फसेन?”

“तू तरी मला चांगला समजतेस, एवढंच. सगळे शिव्या देत होते. मला ते... मला ते सोडवलं नाही.”

“चोर परवडला,” डॉर्कस म्हणाली. “चोर दुसऱ्याचा माल नेतो. तू माझा शब्द नेलास.”

आता लिलियन बोलली, आणि तिच्या बोलण्यात राग होता तो थंड होता. “झालं ते झालं. आता मी बोलते, कारण इथं कोणी पुढचा विचार करत नाही. हे या चार भिंतींत राहील. संध्याकाळी तो हरला तरी चालेल. मनाला स्मरून हरलेला माणूस पाच वर्षांनी दुसऱ्या मतदारसंघातून उभा राहतो. मी माझ्या वडिलांच्या घरी असे कितीतरी पाहिले. पण ज्याला दार कळलं नाही त्याला कोणी उभं करत नाही. व्यंगचित्रं येतील. शाळेत मुलांना चिडवतील. द्रोहाला लोक माफ करतात, सेथ. विनोदाला करत नाहीत.”

“बरोबर बोलतेस,” सेथ म्हणाला, आणि सगळ्यांनी चमकून पाहिले. वीस वर्षांत त्याने लिलियनला बरोबर म्हटल्याची ही पहिली वेळ. “खरंच बरोबर आहे. आपल्या घराचं हसं गावभर कशाला? मी संध्याकाळी गप्प बसतो. तो आपणहून राजीनामा देईल, प्रकृती म्हणेल...” आणि बोलता बोलताच तो थांबला. हसण्याचा लवलेश त्याच्या तोंडावरून गेला. “थांबा. तो वकील. वरिष्ठ सभागृहात तो काय सांगतोय? खुद्द इथल्या खासदारानं विचारपूर्वक होकार दिला. रोज सांगतोय. समितीतले म्हातारे रोज माना डोलावतायत. आणि हा जर तिथं जाऊन म्हणाला, विचार नव्हता, चूक होती...”

“तर धरण थांबेल?” लिलियनने विचारले.

“नसेल थांबत. पण त्यांच्या हातातली एक काठी तर जाईल. माझ्या घराच्या बदल्यात याची अब्रू, आणि तू मला विनोदाचं सांगतेस?”

“मुलं माझी आहेत.”

“मलाही मुलं आहेत! आणि ती इथं झोपतात, खालच्या कुरणाशेजारी!”

दोघेही आता उभे होते. एकाच मेजावर क्षणापूर्वी जे एका बाजूला आले होते ते पुन्हा दोन तीरांना गेले. आणि डॉर्कस, जिला दोघांपैकी कोणाचीच बाजू घ्यायची नव्हती, भिंतीकडे तोंड करून उभी होती. अँब्रोजला कोणी काही विचारीत नव्हते. या घरात त्याच्याविषयी जेवढे बोलणे झाले त्याच्या दशांशही त्याच्याशी झाले नव्हते, असे त्याला वाटले. आणि लगेच वाटले की ही तक्रार करण्याचा अधिकार आपण त्या दालनात ठेवून आलो.

“बसा,” केझाया म्हणाल्या.

सगळे बसले. डॉर्कससुद्धा.

“तुमचे बाबा तीस वर्षं एव्हरार्डला सोडायला जात,” आई म्हणाल्या. “त्याचे डोळे चांगले होते तेव्हासुद्धा, तेव्हा नुसते गप्पांसाठी. एकदा मी विचारलं, अहो, बोलण्याच्या नादात त्याच्याबरोबर आत गेलात तर? ते म्हणाले, केझाया, मी दाराशी आलो की हात सोडतो, आणि तोंडानं म्हणतो, ‘इथून तुमचं तुम्ही.’ रोज म्हणतो. त्याला त्यात वाईट वाटत नाही, आणि मला विसर पडत नाही.” त्यांनी काठीवर हात ठेवला. “त्यांनी तुला हात धरायला सांगितलं, अँब्रोज. सोडायचं सांगायला विसरले. ती त्यांची चूक. मान वर केलीस ती तुझी.”

“मी काय करू, आई?”

“मला शाळेच्या खोलीपर्यंत घेऊन चल. माझ्यानं एकटीनं उतार उतरवत नाही.”

*

सायंकाळी उतारावरून ते दोघे हळूहळू चालले. मागे सेथ, त्याच्याही मागे लिलियन. आणि डॉर्कस सर्वांच्या पुढे, एकटी, झपाझप. वाटेत प्रार्थनाघराच्या आवारात जोसायांच्या थडग्यावर ताजी फुले होती. अँब्रोज तिथे थांबू पाहत होता. आईने थांबू दिले नाही.

शाळेच्या खोलीच्या दाराशी केझायांनी त्याच्या दंडावरचा हात काढून घेतला.

“इथून तुझं तू,” त्या म्हणाल्या, आणि आत जाऊन मागच्या बाकावर बसल्या.

आत काय झाले ते आमच्या खोऱ्यात अजून सांगतात, आणि ज्याचे आजोबा तिथे होते तो थोडी भर घालूनच सांगतो. खरे एवढेच, की अँब्रोज टोबायसच्या परवानगीने पुढे आला आणि त्याने काही वगळले नाही. उपमंत्रिपदही नाही, वर केलेली मानही नाही. तो बोलायचा थांबल्यावर ओढ्याचा आवाज आत ऐकू येऊ लागला. मग मागून कोणीतरी नाकातून हसले. मग दुसरा. मग ती साऱ्या खोलीची लाट झाली. छपराच्या तुळयांना धक्का बसावा अशी. त्यात मौज होती तेवढाच संताप होता. लोक हसत होते आणि हसता हसता मुठी बाकांवर आपटीत होते. “आमचं घर बुडवलंस रे, बावळटा!” असे एक म्हातारी ओरडली आणि तिला हुंदका आला. अँब्रोज हात बाजूला सोडून उभा राहिला. तो पळाला नाही, आणि त्याने मानही वर केली नाही.

त्यानंतर डॉर्कस उठली. हसणे आपोआप थांबले.

“मी तुम्हाला त्या रविवारी खोटं सांगितलं,” ती म्हणाली. “मला ठाऊक नव्हतं, पण खोटंच. ते मी परत घेते. टोबायस अल्डर्सनला मी जे बोलले तेही परत घेते. विकला गेलाय असं तू म्हणालास, टोबायस, तेही खरं नव्हतं. पण तू माझ्यापेक्षा खऱ्याच्या जवळ होतास.” आणि ती भावाकडे न पाहता खाली बसली.

टोबायसने टेबलावरच्या हातोडीकडे बराच वेळ पाहिले. मग त्याने मत घेतले. अँब्रोजच्या बाजूने हात वर आले ते एका बाकावर मावतील एवढे. त्यांत डॉर्कसचा नव्हता. रेस्ट्रिकांचे नाव त्या मतदारसंघातून, दोन पिढ्यांनंतर, तिथेच पुसले गेले. दुसरा ठराव सेथने मांडला: अँब्रोजने वरिष्ठ सभागृहाच्या समितीपुढे स्वतः जावे आणि आत्ता बोलला तेच तिथे बोलावे.

“तिथं इथल्यापेक्षा जास्त हसतील,” टोबायस म्हणाला.

“जाईन,” अँब्रोज म्हणाला.

“मी पहिल्या ठरावात तुझ्याविरुद्ध हात वर केला,” सेथ म्हणाला, “आणि पुन्हा करीन. पण हसं करून घ्यायला जाणार असशील तर स्टेशनापर्यंत सोडायला मी येतो. डब्याच्या दारापर्यंत. चुकीच्या गाडीत बसलास तर घोटाळा.”

त्यावर जो हशा पिकला त्यात लिलियन सामील झाली नाही. परतताना मात्र चिखलाच्या वळणावर ती न बोलता नवऱ्याच्या बाजूने चालू लागली. ती त्याच्यावर रागावलेली होती, आणि पुढेही राहिली. पण बाजूने चालली.

*

रविवारी आमच्याकडे कातर हातात धरीत नाहीत. सोमवारी, गडग्यांवर दव तसेच असताना, अंगणात पावले वाजली. टोबायस अल्डर्सन पहिला होता. मग बाकीचे आले, एकेक, दोनदोन, कोणी कोणाला बोलावले नव्हते. कोणी शनिवारचा विषय काढला नाही, फक्त अँब्रोज लोकरीचे गठ्ठे उचलून कोठाराकडे निघाला की दर वेळी कोणीतरी ओरडे, “खासदारसाहेब, डावीकडचं दार! डावीकडचं!” आणि अंगणभर हसू पसरे. तो दर वेळी थांबून दार पाही, मगच आत जाई. दुपारच्या गाडीने त्याला लंडनला जायचे होते.

टोबायस कोठाराच्या दारात दव सुकायची वाट पाहत उभा राहिला. डॉर्कस किटली घेऊन आली. तिने त्याच्या कपात चहा ओतला; तो पिऊन झाला, तेव्हा पुन्हा ओतला. धाकट्या भावाजवळून जाताना तिची पावले मंदावली नाहीत. पण त्याच्या बाजूला दगडावर भरलेला एक कप ती ठेवून गेली, आणि तो थंड होण्याच्या आत त्याने उचलला.

स्केलबेकचे पाणी पुढे कोणाच्या घरी गेले ती गोष्ट निराळी. त्या सकाळी मात्र ओढा आपल्याच वाटेने वाहत होता. ज्याचे हसे झाले त्याचे, जे हसले त्यांचे, आणि जिला अजून हसू येत नव्हते तिचेही कल्याण असो. आणि ज्यांनी आपल्याला दारापर्यंत सोडले आणि वेळेवर हात सोडला, त्या साऱ्यांच्या थडग्यांवर दव असेच उतरत राहो.